उतरल्यावर देतो

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

माझा धाकटा भाऊ धनाजी बोंबील आणायला जातानाही मांडीला टॅब बांधून जायचा. खाली हाफ पँट, वर रुंद पट्टा, पट्ट्यात टॅब आणि खिशात काडेपेटीएवढं जीपीएस. उलव्याच्या चौकात वळण्याआधी मान वळवून मोठ्यानं म्हणायचा, "डावीकडं मोकळं!" एकदा रिक्षावाल्याला म्हणाला, "एकशे वीस डिग्रीवर धर." रिक्षावाल्यानं मागं बघितलं. "काका, मीटरनं येताय की डिग्रीनं?"

आमचं गाव विमानतळात गेलं. मोबदल्यातून लोकांनी बंगले बांधले, गाड्या घेतल्या. धनाजी घाटावरच्या एका क्लबात जाऊन दोन माणसांचं विमान चालवायला शिकला. त्याची बायको सुनंदा अजून म्हणते, "लोकांनी गाड्या घेतल्या, आमच्यांनी हवा घेतली."

शिकण्यातच त्याचा वाटा संपला. मोठ्या विमानातली वाट दाखवणारी यंत्रं लाखांची असतात म्हणे. हा टॅब आणि ते जीपीएस स्वस्तातलं, पण तेवढेही पैसे त्याच्याकडं नव्हते. मी तांदळाच्या भाकऱ्या करून विकते. त्यातले साठवलेले मी दिले.

"कधी देशील?"

"उतरल्यावर देतो, बाय."

पुढं कधीही विचारलं की हेच उत्तर. पैशाची गरज म्हणून मी विचारत नव्हते. ते उत्तर ऐकायला विचारायची. सुनंदा आतून ओरडायची, "उतरतोय कुठं हा!"

मला पोळपाटासमोर बसवून तो शिकवायचा. "आपलं उडनं नजरेचं. ढगात शिरायचं नाय. आधी बाहेर बघायचं, मग टॅबच्या काचेत. टॅब बंद पडला तरी चालंल, खाली जमीन दिसली पायजे."

टॅब बंद पडायचाच. उन्हात तापला की काळा व्हायचा. एकदा वर असताना काळा झाला, तर हा नदीच्या कडेकडेनं धरण गाठून नीट खाली आला. त्यानंतर निघण्याआधी टॅब गार करायला माझ्या फ्रिजमध्ये ठेवायला लागला, कोळंबीशेजारी. क्लबातले मास्तर विचारायचे, "विमानात मासे कोणी आणले?"

"चल ना एकदा घाटावर, तुला वर नेतो," असं किती वेळा म्हणाला. भाकऱ्या कोण करील, असं मी म्हणायची. खरं तर भीती वाटायची.

त्याच्याकडं आणखी एक जुना टॅब होता. तो मात्र कायम फ्लाइट मोडवर. दुसऱ्यांना ओरडायचा, "नकाशा अपडेट करा, नायतर डोंगरात घुसाल!" आणि या टॅबला कुणाला हात लावू द्यायचा नाही. सुनंदाला वाटायचं, काहीतरी लफडं आहे.

एकदा मलाच दाखवलं. आतल्या नकाशात आकाशातून काढलेलं, विमानतळाआधीचं आमचं गाव होतं. कौलं, देवळासमोरचा पार, मिठागराचे चौकोन, आमची विहीर. नेट लागलं तर नवं चित्र येईल आणि हे जाईल, म्हणून तो जपत होता.

"आपल्या गावावरून छोट्या विमानाला परवानगी नाय," तो म्हणाला. "पन मिळंल कधीतरी. तवर गाव इथं ऱ्हाऊ दे."

सुट्टीच्या दिवशी तो टॅब घेऊन विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभा राहायचा. आपण कुठं आहोत ते दाखवणारं पडद्यावरचं छोटं विमान गावाच्या वेशीवर उभं राहायचं. तो मला फोन करायचा, "बाय, वेशीपाशी पोचलो." मीही विचारायची, "पाराखाली कोन बसलंय?"

मग त्या टॅबची बॅटरी फुगली. त्यानं तो दुरुस्तीला दिला. दुकानदार भला माणूस. बॅटरी बदलली, आणि वरून काही न घेता सगळं अपडेटही करून दिलं.

धनाजी माझ्याकडं आला, टॅब उघडला. गावाच्या जागी लांब करडा पट्टा होता. त्यानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. तेवढ्यात आमच्या छपरावरून विमान गेलं. भांडी वाजली. त्यानं वर बघितलं नाही.

"दुसऱ्या कुनाकडं आसंल ते चित्र," मी म्हटलं.

"आसंल." त्यानं टॅब बंद केला. "पन जमीन दिसत नाय आता, बाय."

त्यानंतर तो घाटावर गेला नाही. काल सकाळी आला. मांडीला पट्टा नव्हता. दोन्ही टॅब आणि जीपीएस क्लबातल्या एका पोराला विकलं होतं. माझ्यापुढं पाकीट ठेवलं.

"मोजून घे."

"उतरल्यावर देतो म्हनायचास ना?"

"उतरलो."

भाकरी खाऊन जा म्हटलं, तर नको म्हणाला. मी गॅलरीत आले. खाली त्यानं रस्ता ओलांडला, डावीकडं न बघता, काही न म्हणता. तो वळणापलीकडं गेला तेव्हा मी पाकीट उघडलं. पैसे पुरते होते.