यंत्राची खेळी

परचुऱ्यांना चहा विचारला की ते म्हणत, "यंत्राला विचारून सांगतो." सिनेमा, सत्यनारायण, लग्नाचं स्थळ, काहीही विचारा, उत्तर हेच. यंत्र म्हणजे त्यांच्या डलहौसी भागातल्या ऑफिसातला खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर. त्या खोलीत ते बूट काढून जात.

बालीगंजला आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटेच राहत. भोकं पाडलेल्या कार्डांचा एक गठ्ठा कायम त्यांच्या बगलेत. ही कार्डं यंत्राला खाऊ घातली की ते बुद्धिबळ खेळतं, असं ते सांगत. गृहस्थाचं डोकं फिरलंय, असं माझं स्पष्ट मत होतं.

मग अण्णांना, माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि पाठोपाठ त्यांचं बुद्धिबळही. खेळायला येणारे मित्र मुद्दाम हरायचे. तिसऱ्यांदा वजीर फुकटात मिळाला तेव्हा अण्णांनी डाव्या हाताने पट उधळला. "मला कुणाची कीव नको!" त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवणही टाकलं.

परचुरे गठ्ठा घेऊन खाली आले. "अण्णा, यंत्राशी खेळा. त्याला कीव करता येत नाही. मी ती सोयच ठेवलेली नाही."

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते दारात उभे राहून चिठ्ठी वाचू लागले, "यंत्राने उंट हलवलाय." अण्णांची खेळी टिपून घ्यायची आणि निघायचं. चहाला नेहमीचंच उत्तर. यंत्र अण्णांना डावामागून डाव हरवत होतं. अण्णा त्याला शिव्या घालत आणि दोन पोळ्या जास्त खात. अशी दोन वर्षं गेली.

आणि एके दिवशी अण्णा जिंकले! दुसऱ्या दिवशी, मी शिकवायचे त्या शाळेतून अर्धी रजा टाकली, संदेश मिठाईचा डबा घेतला आणि ट्रामने थेट डलहौसी गाठलं. परचुरे जागेवर नव्हते. त्यांचे सहकारी मित्रबाबू चकित झाले. "चेस? वो तो पुराना मशीन में चलता था, दीदी. नया मशीन परचुरेदा का कार्ड समझता ही नहीं. डेढ़ साल हो गया. बेचारा कितना कोशिश किया!"

तेवढ्यात परचुरे आले. माझा चेहरा पाहून खुर्चीत बसलेच.

"अण्णांना सांगू नका. समोर माणूस आहे कळलं तर ते खेळ सोडतील."

"म्हणजे दीड वर्ष तुम्ही खेळत होता?"

"पण मुद्दाम एकदाही हरलो नाही हो. कालचा डाव त्यांनी खरोखर जिंकला." मग म्हणाले, "मला तरी खेळायला दुसरं कोण आहे?"

मला रडू आवरेना. ज्याला मी वेडा समजत होते, त्या माणसाने माझ्या वडिलांना जगवलं होतं. हे उपकार मी जन्मात विसरणार नाही. मी डबा पुढे केला. "यंत्राला द्या," एवढंच म्हणता आलं.

संध्याकाळी परचुरे दारात उभे.

"काय रे, हरल्यावर मशीन चिडलं का?" अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा." परचुऱ्यांनी चिठ्ठी उघडली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "फार आनंद झाला म्हणालं. तुमचे आभार मानायला सांगितलंय."

"असं? त्याला काही चहा पाजता येणार नाही. तू तरी बस."

मी आधण ठेवलं. परचुरे क्षणभर घुटमळले. मग आत आले, पटासमोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "साखर जरा जास्त घाला."