हलणारा बेदाणा

"निकाहाच्या फोटोत माझं अर्धं डोकं कापलंय, आन माशाच्या शेपटीसाठी सकाळधरनं पोरगी लाईट धरून उभी हाय," मेहरुनबी परातीतल्या पिठाला सांगत होती.

मौलानं ते ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात ही एक कला त्याला पक्की जमली होती.

तासगावात मौला म्हणजे बेदाण्यातला जाणकार. रस्त्यापलीकडून ढीग बघून प्रत सांगायचा. मग कधीतरी त्याला माशांचं वेड लागलं, बेदाण्याच्या खोलीत काचेच्या टाक्या आल्या आणि बेदाणा सोप्यात ताडपत्रीवर आला. टाक्यांच्या तळाशी कोरीडोरास नावाचे मिशीवाले मासे दिवसभर वाळू उकरून खरकटं साफ करायचे. ते मेहरुनबीला आवडायचे. "घरात तेवढीच कामाची माणसं," म्हणायची.

पण मौलाचा जीव होता नवाबात. नवाब म्हणजे बोटाएवढा किलीफिश. आफ्रिकेतल्या डबक्यात जन्मायचं आणि डबकं आटायच्या आत सगळा संसार उरकायचा, अशी ही अल्पायुषी जात. ऐन जवानीत नवाब असा लाल-निळा झळकायचा की शेजारपाजारचे बघायला यायचे.

सांगलीच्या मासे-प्रदर्शनाला फोटो पाठवायची आज शेवटची संध्याकाळ. "पैला नंबर आपल्या नवाबाचा, लिहून ठेवा," असं मौला आठवडाभर बाजारात सांगत फिरला होता. आता तोंड दाखवायचं तर फोटो यायलाच हवा होता.

आणि फोटो येत नव्हता. पहिल्यात नवाब मातकट दिसला. मौला म्हणाला, लाईट कमी. लेकीनं, मिस्बाहनं, दुसरा लाईट धरला. नवाब आणखी मातकट. मग पाठीमागच्या भिंतीचा दोष निघाला, म्हणून मेहरुनबीची हिरवी ओढणी टाकीमागं गेली. मग पाण्याचा दोष निघाला.

"मिस्बाह, रंग कसा वाटतोय?"

"चांगला हाय की अब्बा," मिस्बाह ओढणीकडं बघत म्हणाली.

शेवटी फोटोची छोटी टाकी ओढणीसकट सोप्यात, खिडकीखाली, बेदाण्याच्या ढिगाशेजारी आली. झाकण उन्हाला आडवं येतं म्हणून मौलानं तेही काढलं.

"अब्बा, किली उडी मारत्यात."

"नवाब खानदानी हाय. उड्या मारायला त्यो काय बेडूक हाय?"

टप्प असा आवाज झाला. टाकीत नुसती ओढणी दिसायला लागली.

मग तिघंही गुडघ्यांवर. "हात हळू फिरवा, चिरडंल!" मौला कळवळून सांगत होता. सगळा ढीग सारखाच मातकट, त्यात नवाब कुठं सापडायचा?

तेवढ्यात सांगलीचे व्यापारी बाळासो माल बघायला दारात उभे. आत कुटुंबच्या कुटुंब ढिगावर वाकलेलं बघून ते गहिवरले.

"मौलाभाई, एकेक दाणा निवडताय व्हय? ही असली सफाई सांगलीत बी कुणी करत न्हाई."

मौलाला खरं सांगवेना. "गिऱ्हाइकाच्या दाताखाली खडा यायला नको," तो घाम पुसत म्हणाला.

बाळासोंनी खूश होऊन मूठ भरली, सवयीनं तोंडाकडं नेली आणि थबकले.

"मौलाभाई, ह्यो बेदाणा हलतोय."

मौलानं अशी झेप घेतली की बाळासोंची टोपी आतल्या खोलीत कोरीडोरासपर्यंत गेली. नवाब पाण्यात पडला. थोडा वेळ आडवाच राहिला. मौलाच्या ओठांवर दुवा आली. मग कल्ले हलले, शेपूट हललं आणि नवाब सरळ झाला. मौलानं डोळे पुसले.

"मला तर रंगावरनं…" बाळासोंनी सुरुवात केली. मिस्बाह जोरात खोकली. बाळासो जुने व्यापारी, लगेच उमजले. "झ्याक हाय मासा. लय झ्याक."

"हाय ना? जरा लाईट वाढव गं मिस्बाह," म्हणत मौलानं पुन्हा कॅमेरा उचलला.

मेहरुनबीनं पिठाचे हात पदराला पुसले आणि लाईट विझवला.

"आवं, बास करा. नवाब म्हातारा झालाय. लाईटीत न्हाई, पाण्यात न्हाई, माझ्या ओढणीतबी खोट न्हाई. आन दाढीला कलप लावला म्हणून तुमीबी तरणं झाला न्हाईसा. काढा आता फोटो, हाय तसा."