कौल देणारं इंजिन

मिरजेहून नानासो घरी आले तेव्हा त्यांचं टेबल रिकामं होतं. इंजिन नाही, रूळ नाहीत, तेलाची कुपीही कुणीतरी उचलून खिडकीत ठेवलेली. ते चपलांसकट बाहेरच्या खोलीत शिरले आणि जागच्या जागी उभे राहिले. दोन्ही गौरी नटूनथटून उभ्या होत्या, पुढ्यात लाडू-करंज्यांची ताटं होती आणि ताटांभोवती गोल रूळ मांडून त्यावर त्यांचं हिरवं इंजिन ठेवलेलं होतं. धुरांड्यात झेंडूचं फूल खोचलं होतं.

"आदी चपला भाईर," विजयमालाबाई म्हणाल्या.

चपला बाहेर गेल्या. मग त्यांनी नवऱ्याला सगळं नीट समजावून सांगितलं. समोरच्या शालूबाईंनी यंदा आराशीत विजेवर चालणारं कारंजं केलं होतं. सगळं विश्रामबाग तिकडं लोटणार, आणि आपण काय नुसत्या करंज्या मांडून बसायचं? घरात एवढी आगगाडी पडून आहे, ती कधी उपयोगाला यायची?

पडून आहे हे ऐकून नानासोंच्या जिवाला फार लागलं. आता नानासो म्हणजे कोण, तर फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले हवालदार. सारी नोकरी लष्कराच्या ट्रकांखाली उताणं पडून काढलेली. निवृत्त झाल्यावर माणूस शेती बघतो, सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो. नानासोंनी चावीच्या जुन्या आगगाड्या दुरुस्त करायला घेतल्या. पाचगणीला दर मे महिन्यात एका हॉलमध्ये अशा गाड्यांचं प्रदर्शन भरायचं. बंगलेवाले, मुंबई-पुण्याचे हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे आणि कोपऱ्यात मोडक्या गाड्यांची खोकी विकायला ठेवायचे. अशाच एका खोक्यात हे इंजिन निघालं होतं. तेव्हा ते गंजलेलं होतं, चाकं वाकडी होती आणि रंग कोणता हे ओळखायची सोय नव्हती. नानासोंनी ते खिळा न् खिळा सुटं करून परत उभं केलं आणि स्वतःच्या हातानं हिरवं रंगवलं.

एकच खोड राहिली होती. आतल्या दातेरी चाकाचा एक दाता झिजला होता. तो दाता आला की इंजिन उभं राहायचं. कुठं राहील याचा नेम नाही. जरा ढोसलं की पुन्हा मुकाट्यानं चालायला लागायचं.

या खोडीपायी त्यांची पाचगणीला पुरती शोभा झाली होती. ते चौऱ्याहत्तर साल होतं आणि मे महिन्यात रेल्वेचा संप चालू होता. देशातल्या खऱ्या गाड्या जागेवर उभ्या होत्या आणि पाचगणीत खेळण्यातल्या गाड्या धावत होत्या. फक्त नानासोंचं इंजिन तिथंही संपावर गेलं. हे वाक्य लालासाहेबांचं. लालासाहेब म्हणजे पाचगणीचे बागायतदार, स्ट्रॉबेरीचे मळे, टेकाडावर बंगला आणि गाड्यांचा शौक. या हिरव्या इंजिनाचे मूळचे दोन लाल डबे नेमके त्यांच्याकडे होते. नानासोंनी भीत भीत मागून बघितले. लालासाहेब म्हणाले, "हे बघा, उभ्या ऱ्हानाऱ्या इंजिनाला मी डबं देत न्हाई. तीन फेरं न थांबता मारू दे, डबं तुमचं."

आणि हे लालासाहेब उद्या संध्याकाळी येणार होते. सांगलीत त्यांची बहीण राहायची, तिच्याकडे गौरीचं जेवण होतं. जाता जाता फेरे बघतो, असा निरोप त्यांनी धाडला होता. म्हणून तर नानासो मिरजेला जाऊन एका घड्याळजीकडून नवं दातेरी चाक कापून घेऊन आले होते. चाक खिशात होतं आणि इंजिन गौरीच्या पुढ्यात. गौर एकदा बसली की आराशीतलं काही विसर्जनापर्यंत हलवायचं नाही, हा घरचा नेम.

नानासोंनी वाद घालून बघितला. चावी दिलेली चालते आणि स्क्रू काढलेला चालत नाही, हे कुठल्या पोथीत लिहिलंय, असं विचारलं. विजयमालाबाईंनी सांगितलं की चावी देणं ही सेवा आणि स्क्रू काढणं ही मोडतोड. एवढं बोलून त्या भाकरी थापायला आत गेल्या.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या. रुळांभोवती गोल करून बसल्या. विजयमालाबाईंनी चावी दिली, इंजिन खडखडत निघालं, अर्ध्या वाटेवर दाता आला आणि ते रंगूबाईंच्या पुढ्यात उभं राहिलं. रंगूबाईंच्या पोरीला कवठ्याची माणसं बघून गेली होती आणि पुढं हूं की चूं करत नव्हती, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. मुक्ताबाई त्या सगळ्यांत वयानं मोठ्या. त्या सहज म्हणाल्या, "रंगू, गौरीनं तुज्याकडं बघितलं गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कवठ्याची माणसं पोरगी पसंत म्हणून दारात हजर. रंगूबाई पेढे घेऊन धावत आल्या. त्यांनी पेढा ठेवला तो गौरीपुढं नाही, इंजिनापुढं.

मग काय विचारता. शालूबाई आपलं कारंजं तसंच उडतं ठेवून रस्ता ओलांडून आल्या. त्यांच्या मालकांची जतला बदली झाली होती. त्यांनी मनात धरलं, चावी फिरली, इंजिन पहिल्याच फेऱ्यात त्यांच्या गुडघ्याशी थांबलं. दोन तासांत मालक कचेरीतून सांगत आले की बदली रद्द. एवढं झाल्यावर दुपारपर्यंत निम्मं विश्रामबाग दारात उभं. कुणाला म्हशीचं विचारायचं होतं, कुणाला सुनेचं. विजयमालाबाई रांग लावून घेत होत्या आणि त्यांच्या तोंडावर जे तेज आलं होतं ते लग्नातसुद्धा नव्हतं.

नानासोंना हे बघवेना. ते खिशातलं नवं चाक घेऊन बायकांसमोर उभे राहिले आणि शिकाऊ जवानांना सांगावं तसं सगळं फोड करून सांगितलं. हे चाक, हे दाते, त्यातला एक झिजलाय, तो आला की गाडी थांबते. यात कौल नाही आणि काही नाही. बायकांनी अगदी मान देऊन ऐकून घेतलं.

"आवं, पर त्यो दाता झिजवला कुनी?" मुक्ताबाईंनी विचारलं.

 नानासो चाक खिशात घालून आत गेले.

पण लालासाहेब संध्याकाळी येणार होते आणि डबे घेऊन येणार होते. दुपारी बायका जेवायला पांगल्या. विजयमालाबाई पुरणपोळ्या लाटत बसल्या, दोन्ही हात कणकेत. नानासो स्क्रूड्रायव्हर घेऊन हळूच गौरीपुढं येऊन बसले. आधी हात जोडून त्यांनी माफी मागितली, आई, मनात आणू नकोस, फौजेतला माणूस आहे, नादुरुस्त गाडी बघवत नाही. मग झेंडूचं फूल बाजूला ठेवलं, झिजकं चाक काढलं, नवं बसवलं, तेलाचा थेंब सोडला आणि चावी दिली.

इंजिन निघालं आणि थांबलं नाही. एक फेरा झाला, दुसरा झाला, चावी संपेपर्यंत ते फिरत राहिलं. नानासोंचे डोळे भरून आले. त्यांनी फूल परत धुरांड्यात खोचलं आणि शहाण्या माणसासारखे पानावर जाऊन बसले.

संध्याकाळी लालासाहेब आले. डोक्याला पांढरी टोपी, बगलेत लाकडी पेटी, पेटीत डबे. खोलीत बायकांची एवढी दाटी, की बागायतदार असूनही त्यांना उंबऱ्याजवळच पाट मिळाला. इंजिनाच्या अगदी समोर मुक्ताबाईंची बहीण बसली होती, बाळाबाई, माण तालुक्यातली. गौरीसाठी बहिणीकडं आली होती. तिचा अर्जुना मुंबईत गिरणीत होता आणि दोन दिवाळ्या झाल्या, गावाकडं फिरकला नव्हता. पोरगा येईल का, एवढं एकच तिला विचारायचं होतं. डोक्यावरचा पदर सारखा करून ती रुळाकडं टक लावून बसली होती.

चावी फिरली. इंजिन बाळाबाईच्या पुढ्यातून सरळ गेलं. एक फेरा पूर्ण झाला. उंबऱ्याजवळ लालासाहेबांनी मान डोलावून पेटीची कडी काढली. बायका म्हणाल्या, परत येईल, थांबेल. इंजिन परत आलं आणि परत पुढं गेलं.

"माज्याम्होरनं गेली," बाळाबाई हळू म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, आपली आपल्याशीच.

नानासोंनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांचा सगळा आनंद आटला. पाचगणीपासून ज्याचा ध्यास घेतला होता ते डोळ्यांपुढं घडत होतं, डबे पेटीतून निघायच्या बेतात होते, आणि त्यांना त्या क्षणी ते नकोसं झालं. त्यांनी ताटातल्या मूठभर अक्षता उचलल्या, गौरीला वाहिल्यासारखं केलं आणि त्यातल्या बऱ्याचशा बाळाबाईपुढच्या रुळावर पडतील अशा बेतानं टाकल्या. फौजेचा नेम तो, चुकतो कशाला. इंजिन आलं, चाकाखाली तांदूळ आले आणि ते करकरून उभं राहिलं.

बायकांनी एकदम श्वास सोडला. बाळाबाईनं वाकून रुळाला डोकं टेकवलं. "येतोय माजा अर्जुना," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

लालासाहेबांनी पेटीची कडी परत लावली. "थांबली की वो, नानासो."

"व्हय," नानासो म्हणाले. "थांबली."

अक्षतांचं सांगितलं असतं तर डबे मिळाले असते, पण मग बाळाबाईचा कौल खोटा ठरला असता. विजयमालाबाईंनी सगळं बघितलं होतं. आत जाऊन त्यांनी पोळीवर तुपाची धार धरली आणि वाटी नवऱ्याच्या हातात आणून दिली. तेवढ्यातच पदरानं रुळावरचे तांदूळही पुसून घेतले.

आता लालासाहेबांनी निघायला हवं होतं. पण ते पाटावरून उठेनात. थोडा वेळ टोपी कुरवाळून त्यांनी मुक्ताबाईंना खालच्या आवाजात विचारलं की हा कौल पुरुषमाणसाला मिळतो का. मिळायला हरकत नाही, असं ठरलं. मग हळूहळू कळलं ते असं, की लालासाहेबांच्या मंडळी अक्षय तृतीयेपासून कऱ्हाडला माहेरी होत्या. साहेबांनी रूळ मांडता मांडता देवघराच्या दारापर्यंत आणले होते. एकतर रूळ न्हाईतर मी, असं मंडळी म्हणाल्या, आणि साहेबांनी विचार करायला थोडा वेळ मागितला. त्यावर त्या बॅग भरून गेल्या.

बायकांनी सरकून जागा केली. लालासाहेब टोपी काढून मांडी घालून बसले. इंजिन निघालं आणि त्यांच्या पुढ्यातून टेचात निघून गेलं. दुसऱ्यांदाही गेलं. तिसऱ्यांदा तर ते जास्तच जोरात गेलं असं बायकांचं म्हणणं पडलं. लालासाहेबांचा चेहरा पडला.

"नानासो, ह्ये थांबत कसं न्हाई वो?"

नानासोंनी हात मांडीवर घट्ट धरले. दुसऱ्यांदा अक्षता टाकायचा धीर त्यांच्यात नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेवढी इच्छाही नव्हती. तीन फेरे न थांबता झाले हे एकदा कुणीतरी मोजावं असं त्यांना वाटत होतं. पण लालासाहेब मोजण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी स्वतः पेटी उघडली, दोन्ही लाल डबे काढले आणि इंजिनाला अडकवले. म्हणाले, "जरा वजन पडू दे. मग बघू कसं पळतंय."

जुन्या स्प्रिंगला ते वजन झेपेना. इंजिन ओढत ओढत निघालं, वळणावर कण्हलं आणि लालासाहेबांच्या गुडघ्याला टेकून उभं राहिलं.

लालासाहेबांनी डोळे पुसले, टोपी चढवली आणि तडक कऱ्हाडची एस.टी. गाठायला निघाले. नानासो डबे सोडवून द्यायला वाकले तर त्यांनी हात धरला. डबे जोडल्यावर कौल मिळालाय, आता ते कुणी सोडवायचे नाहीत, असं बजावून रिकामी पेटी घेऊन ते गेलेसुद्धा.

विसर्जन झाल्यावर नानासो सगळ्यात आधी तार ऑफिसात गेले. आई वाट बघते, ताबडतोब ये, अशी तार त्यांनी बाळाबाईच्या नावानं मुंबईला ठोकली. कौल आपण दिलाय तर निभावलाही आपणच पाहिजे, असा त्यांचा हिशेब. अर्जुना रजा काढून आला. लालासाहेबांच्या मंडळीही परतल्या, पण रूळ व्हरांड्याच्या आत दिसता कामा नयेत या अटीवर.

नानासोंच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. आपलं इंजिन आपलेच डबे ओढत नाही, ही काय गोष्ट झाली? त्यांनी मिरजेहून जाड स्प्रिंग आणली, बसवली आणि एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून रूळ मांडले. हिरवं इंजिन, मागं लाल डबे. चावी दिली. गाडी निघाली, वळण घेतलं, फेरा पूर्ण केला, दुसराही केला. नानासोंचा आनंद गगनात मावेना. कुणाला सांगू, असं होऊन त्यांनी मागं वळून बघितलं, तर विजयमालाबाई कधीच येऊन बसलेल्या. मांडी घातलेली, हात जोडलेले, नजर गाडीवर. गाडी त्यांच्या पुढ्यातून निघून गेली तशी त्यांनी हात सोडले.

"न्हाई थांबली," त्या म्हणाल्या.

"काय मागितलं हुतंस?"

"ह्ये समदं गुंडाळून तुमी माळ्यावर टाकावं, एवढंच."

मग दात्याची, स्प्रिंगची फोड करून सांगणाऱ्या या माणसानं डोळे मिटून गाडीला भक्तिभावानं नमस्कार केला.

"गौरीच्याच मनात न्हाई म्हटल्यावर आपुन कोन सांगनार," ते म्हणाले आणि पुन्हा चावी द्यायला वाकले.