डावं वळण वर्ज्य

डावीकडे वळायचंच नाही, असं मी एका सोमवारी ठरवलं. निर्णय छोटा होता. (माझे सगळे निर्णय छोटेच असतात. मोठे माझी बायको सुगंधा घेते.)

आमच्या खात्यानं मोडीत काढलेली एक म्हातारी व्हॅन मी हौसेनं घेतली होती. सरळ रस्त्यावर ती गरीब गाय. पण डावीकडे वळली की पुढच्या चाकातून खट्-खट्-खट् सुरू. पहिल्याच दिवशी बिदरच्या आमच्या गल्लीत वळलो, तर कल्हईवाला आला असं समजून शेजारच्या राजूबाई तीन पातेली घेऊन बाहेर आल्या. सुगंधा गाडीतून उतरली ती तडक माहेरी, कमठाण्याला गेली.

"आवाज बंद झाल्याबिगर न्यायला येऊ नका," तिनं बजावलं. "आलात तरी मी येणार न्हाई!"

पंधरा दिवस मी स्वतःच्या हातचं पिठलं खाल्लं. तिची फार आठवण यायची, आणि ती काही नुसती पिठल्यामुळे नव्हे.

तसा मी गाडी बाबूलाल मेकॅनिककडे नेली होती. त्यानं आवाज ऐकला आणि म्हणाला, "चाक फिरवणारा शाफ्ट है ना साब, उसका जॉइंट घिस गया. सीदे हात का." म्हणजे उजवीकडचा.

"आवाज डावीकडे वळताना येतो," मी समजावलं. "म्हणजे दोष डावीकडेच असणार."

"बाएँ मुडते तो पूरा बोजा सीदे चाक पे आता, साब."

वीस वर्षं फायलींवर शेरे मारणारा माणूस असं ऐकून घेतो का? मी डावा जॉइंट उघडायला लावला. तो नव्यासारखा निघाला. "अब सीदा खोलूं?" बाबूलालनं अगदी अदबीनं विचारलं. त्या अदबीमुळेच मी म्हणालो, "राहू द्या!" आणि गाडी घेऊन निघालो.

मग मला शोध लागला. तीनदा उजवीकडे वळलं की माणूस आपोआप डावीकडे पोचतो! आवाज नाही, बाबूलाल नाही. त्या रविवारी मी बायकोला आणायला निघालो.

सासुरवाडीची गल्ली मारुतीच्या देवळापाशी डावीकडे फुटते. मी सरळ पुढं जाऊन देवळाला उजवीकडून वळसा घातला. गल्लीच्या तोंडाशी म्हैस उभी होती. दुसरा वळसा घातला. म्हैस तिथंच. तिसऱ्या वळशाला ती हलली, पण तोवर पारावर गर्दी जमली होती.

"सायब प्रदक्षिणा घालायलेत," कुणीतरी म्हणालं. "गाडीचा नवस असंल."

पारावर माझे सासरे लिंगाप्पाही होते. उभा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. खांद्यावर घोंगडी टाकून ते माझ्याकडे एकटक बघत होते.

मी दारात आलो तो बिनआवाजाचा. सुगंधा धावत बाहेर आली. "अवो, आवाज गेला की!"

"शाफ्ट होता," मी गंभीरपणे म्हणालो. "पुस्तकात बघून मीच केला दुरुस्त."

तिनं माझ्याकडे असं काही आदरानं पाहिलं की मला लग्नाचा दिवस आठवला. (त्या दिवशीही तिनं तसं पाहिलं नव्हतं.) सामान चढलं. पारावरून मागोमाग आलेले लिंगाप्पा म्हणाले, "मी बी येतो संगं," आणि मागं बसले.

गल्लीतून निघालो, उजवीकडे वळलो, सगळं शांत. आणि मोठा रस्ता आला. जाताना जे वळण उजवीकडचं, ते येताना डावीकडचं होतं, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मी उजवीकडे वळलो.

"अवो, बिदर तिकडं हाय!"

"माहीत आहे," म्हणत मी पुढच्या मोकळ्या माळावर गाडी उजवीकडून गोल फिरवायला घेतली.

"थांबा, जावईबापू!" लिंगाप्पा गरजले. खाली उतरून त्यांनी माझी हनुवटी धरली आणि डोळ्याची पापणी खाली ओढली. "मेंढराच्या मेंदूत किडा गेला की असंच एका अंगानं गोल फिरतंय. मगाशी देवळाभोवती तीन, आता हितं. म्हणून तर मी संगं आलो."

सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अप्पा, औशिद हाय का वो त्याला?"

"न्हाई. मेंढरू असंल तर कापतेत."

मी पापणी सोडवून घेतली.

"डावीकडं वळून दावा बघू," लिंगाप्पा म्हणाले. तसं मेंढराला वळवून बघतात म्हणे. डोकं गेलंय असं मानू द्यावं, की खोटं बोललो हे कबूल करावं? सुगंधा पदरानं डोळे पुसत होती. मला राहवेना. मी डावीकडे वळलो.

खट्-खट्-खट्-खट्!

लिंगाप्पांचा चेहरा उजळला. "डोकं बरं हाय! गाडीचा उजवा पाय गेलाय. डावीकडं वळताना सगळा भार उजव्यावर येतोय न्हवं का!"

सुगंधाचं रडू थांबलं. "पुस्तकात बघून?" तिनं हळूच विचारलं.

"उतरणार का?" मी खाली मान घालून विचारलं.

"कामून उतरू? मी उतरले तर तुमी हितंच गोल गोल फिरत बसाल."

आम्ही खट्-खट् करत बिदरला आलो, आमच्या गल्लीत डावीकडे वळलो. राजूबाई पातेली घेऊन तयारच होत्या. "पंधरा दिस झाले, कुटं होतास रं बाबा?"

सुगंधानं खिडकीतून तिन्ही पातेली घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "जॉइंट बदलेस्तोवर हेच करा."

मी ती चिंच लावून तासभर घासली. राजूबाईंनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "पैला कल्हईवाला बरा होता."