पायाचाचणीतला खड्डा

"पाया जितका खड्ड्यात, तितकी इमारत उंच दिसते," असं गणिताच्या सरांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं आणि बिस्कीट चहात बुडवलं.

शाळेत यंदापासून नवी पद्धत होती. वर्षाच्या सुरुवातीला पायाचाचणी, शेवटी पुन्हा चाचणी, आणि दोन्हींमधली वाढ म्हणजे शिक्षकाची कर्तबगारी. सर कंत्राटी होते; कायम व्हायचं तर वाढ हवी. पण त्यांच्या नववीत सगळी हुशार मुलं, त्यात त्यांची स्वतःची मुलगीही. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतणार कुठे?

म्हणून चाचणीच्या दिवशी सर वर्गाला मायेनं म्हणाले, याचे गुण कुठेच धरत नाहीत, उगाच डोकं शिणवू नका. मुलांनी इतकी आज्ञाधारकता आयुष्यात कधी दाखवली नव्हती. निम्म्यांनी पेपर कोरा दिला. एकाने बोटीचं चित्र काढलं. निदान ते प्रमाणात होतं.

सरांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. पेपरांचे गुण ज्यात भरले जात, तो संगणक नुसता पाया मोजत नव्हता, त्यावरून प्रत्येकाची 'क्षमता' ठरवत होता. आठवड्याभरात वर्गातून बीजगणिताची पुस्तकं गेली आणि सातवीची आली. वर्ग जिन्याखालच्या खोलीत हलला. "झेपेल तेवढंच देऊ," मुख्याध्यापिका कनवाळूपणे म्हणाल्या. "पुढे विज्ञान शाखेचा हट्ट नको."

विज्ञानाचा हट्ट सरांच्या घरातच होता. मुलीला पूल बांधायचे होते. जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच म्हणालात ना, डोकं शिणवू नका?"

"सगळं सुरळीत होईल."

"कधी?"

सरांनी आमटी वाढून घेतली.

खरं सांगावं तर नोकरी जाणार. सरांनी आधी संगणक बिघडल्याची शंका काढली, मग मुलांना त्या दिवशी ताप असावा म्हणाले. "सगळ्या वर्गाला?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. साथ होती, असं सर म्हणाले. त्यावर खोलीत फवारणी झाली आणि मुलं दोन दिवस खोकत बसली.

अशात सहामाही उलटली. बाकीचे वर्ग त्यांना 'जिन्याखालचे' म्हणू लागले. आधी मुलं चिडायची. मग हाक मारली की ओ देऊ लागली. एके दिवशी सरांची मुलगी साध्या त्रैराशिकावर अडली आणि पेन्सिल खाली ठेवून दिली, तेव्हा सरांचा धीर सुटला. चाचणी आपण मुद्दाम बिघडवली, असं त्यांनी सरळ लिहून दिलं.

फेरचाचणी झाली. देखरेखीला शास्त्राच्या बाई होत्या. मुलांनी पूर्ण वेळ माना खाली घालून लिहिलं.

निकाल पहिल्याइतकाच लागला. थोडा खालीच.

मुख्याध्यापिकांनी कबुलीजबाब फाडून टोपलीत टाकला. "मुलांसाठी स्वतःवर आळ घेतलात! असा माणूस सोडायचा नसतो. शाळा तुम्हाला कायम करतेय. हाच वर्ग, हीच खोली."

घरी सरांनी मुलीला विचारलं, "शेवटचं गणित का सोडलंस? पुलाचं होतं. सोपं होतं."

"सोपं असेल," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "पण ते आमच्यासाठी नसतं, बाबा." आणि कायम झाल्याबद्दल तिने त्यांचं अभिनंदन केलं.