आवाज चालू ठेवा, वहिनी

शिवामामा दुपारी आमच्या ओसरीवर झोपायला येत, पण घरात मिक्सर चालू असेल तरच.

एका काखेत उशी, खांद्यावर दुपट्टा. उंबऱ्याशी उभे राहून आईला विचारायचे, "वहिनी, आज काही वाटायचं-कुटायचं हाय का?"

आई म्हणाली, "हाव, मिरच्या वाटून राहिली," की त्यांचा चेहरा खुलायचा. मिक्सर घरघरू लागला की मामा आडवे व्हायचे आणि चटणी अर्धी होईस्तोवर घोरायला लागायचे. मिक्सर थांबला की टक्क डोळे उघडे. "काहून बंद केलं? एवढीशी चटणी? पाव्हणे आले तर काय चाटवता त्यायले?"

घर शांत असलं तर ते ओसरीवर पायही ठेवत नसत. "सन्नाट्यात फक्त मढं झोपते, बापू," असं मला सांगून पुढच्या घरी जात. तिथं शिलाई मशीन असायची, नाहीतर पंप, नाहीतर सासू-सुनेचं भांडण. भांडणात त्यांना विशेष गाढ झोप लागे.

मामा कोणाचेच मामा नव्हते. तुमसरच्या आमच्या या टोकाला एक जुनी राईस मिल होती, तिथं धान भरडायच्या मशीनवर त्यांनी उभी हयात काढली. लग्न केलं नाही. मिल बंद पडली, मालक नागपूरला गेला, मामा तिथंच मिलच्या मागच्या स्वतःच्या दोन खोल्यांत राहिले. एवढी वर्षं त्या खडखडाटात काढलेल्या माणसाला झोपायला आवाज लागणारच, असं सगळ्या गल्लीनं ठरवून टाकलं होतं. डॉक्टरनं एकदा गोळ्या दिल्या. मामांनी एक घेतली आणि बाकीच्या परत नेऊन दिल्या. "यात आवाज नाही, साहेब."

गुणवंतकाकांच्या, म्हणजे आमच्या किराणा दुकानदाराच्या, मुलीच्या लग्नात डीजे आणला होता. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, म्हातारी माणसं कानात बोटं घालून घरी गेली. मामांनी मोठ्या बॉक्सला उशी लावली आणि झोपले. डीजेवाला घाबरला. बुढा गेला की काय, म्हणून त्यानं गाणं बंद केलं, तर मामा उठून बसले. "लाव ना बे! कोण मेलं?" निवडणुकीत त्यांनी मत कोणाला दिलं ते देव जाणे, पण ज्या पक्षाचा भोंगा मोठा, त्याच्या प्रचाराच्या ऑटोत ते झोपलेले असत.

आता यातली विचित्र गोष्ट सांगतो. या माणसाचं स्वतःचं घर मात्र स्मशानापेक्षा शांत. घरात रेडिओ नाही. दाराच्या बिजागऱ्यांना दर आठवड्याला तेल. शेजारच्या बकरीच्या गळ्यातल्या घंटीत त्यांनी चिंधी कोंबली होती. घरासमोर पोरं क्रिकेट खेळायला लागली की मामा दुसऱ्याच्या ओसरीवरून धावत जायचे आणि हात जोडून, कुजबुजत, त्यांना हाकलायचे. पंखासुद्धा आवाज न करणारा होता, बदलून आणलेला.

"मामा, आवाज पाहिजे तर तुमच्या घरी करा ना," मी एकदा म्हटलं.

"माझ्या घरी कायले? तिथं कोण झोपते?" असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

मग त्या घरासमोरच्या चपला गल्लीच्या नजरेत यायला लागल्या. दिवसाउजेडी, दुपारच्या वेळी. खाणीतले मजबूत बूट, लाल टिकल्यांच्या टाचेच्या चपला, पांढरे कॅनव्हासचे जोडे. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि मामा स्वतः आमच्या ओसरीवर! गुणवंतकाकांना दुकानातून सगळं दिसायचं. "बाप्पा! साडी नेसलेला माणूस गेला आत. मग दोन पोट्टे गेले. संध्याकाळपर्यंत बाहेर नाही. अन् आवाज नाही काही. आवाज असता तर काय चाललं ते सांगता येते. आवाज नाही म्हणजे काहीतरी भयंकर हाय."

गल्लीनं ठरवलं, आत जाऊन पाहायचं. आणि पुढं मला घातलं. आमच्या घराण्यात कॉलेज पास झालेला मी पहिला, शाळेत शिकवतो, गल्लीत पोलीस येवोत की वीजवाले, बोलायला मलाच बोलावतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. मी मनात दोन-चार कडक वाक्यं जुळवली. मामा आमच्याकडे आईच्या मिरच्यांवर झोपलेले पाहून आम्ही निघालो.

दार करकरेल या हिशोबानं मी जोरात ढकललं. ते तेल घातलेलं दार लोण्यासारखं उघडलं आणि मी तोंडावर आत.

उठून बघतो तर थंडगार अंधार. ओळीनं सतरंज्या. पहिल्या सतरंजीवर साडी नेसलेली एक धिप्पाड बाई तोंड उघडं टाकून झोपलेली. तिच्या गालावर दोन दिवसांची खुंटं. पलीकडे दोन तरणे गडी, एकाचा हात दुसऱ्याच्या छातीवर. कोपऱ्यात नर्सच्या गणवेशातली, पोरासारखे केस कापलेली मुलगी, भिंतीकडे तोंड करून. सगळे गाढ झोपेत.

मी सुरुवात केली, "हे सभ्य लोकांचं..."

साडीवालीनं एक डोळा उघडला. "सभ्य असशील तर चूप राय. अन् दार लाव, ऊन येते."

मी दार लावलं. अजून समजत नाही, का लावलं.

गुणवंतकाका अंधारात हुंगत होते. "दारू?"

"नाही."

"पत्ते?"

"नाही काका."

"मग हे करून काय राहिले?"

"झोपून राहिले."

"ते दिसून राहिलं. पण कायले?"

तेवढ्यात मामा अनवाणी, काखेत उशी घेऊन धापा टाकत आले. आईच्या मिरच्या संपल्या असाव्यात. त्यांनी आम्हाला हातांनीच बाहेर ढकललं, ओरडायचं सगळं त्यांनी डोळ्यांनी ओरडून घेतलं. पाठोपाठ ती साडीवालीही जांभया देत बाहेर आली. तिचं नाव चंदा. ती रेल्वेगाडीत टाळ्या वाजवून पैसे मागते, तुमसर रोडपासून गोंदियापर्यंत. आता ओळखलं मी तिला. एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवून तिनं मला नोकरीचा आशीर्वाद दिला होता.

"मास्तर, मले भाड्यानं खोली कोण देते?" ती केस बांधत म्हणाली. "दिली तरी डोळा लागला का कोणी दार ठोकते. एक दिवस घरमालक, एक दिवस पेताड. चार-चार दिवस झोप नाही. इथं दिवसा अन् राती, कोणी उठवत नाही. तुमी सोडून."

"अन् ते दोघं?" काकांनी विचारलं.

"चिखल्याच्या खाणीत रातपाळी करतेत."

"भाऊ-भाऊ?"

"भाऊ कायचे? जोडी हाय त्यायची. घरी एकाची माय त्याच्या उशाशी बसून रडते, लगन कर म्हणते. झोपंल कसा तो?"

काका पायरीवर बसले. "अन् ते पोरगी?"

"ते स्वतःले पोरगी समजतच नाही. दवाखान्यात रातभर ड्यूटी करते, दिवसा घरी लोक समजवायले येतेत."

काकांनी टोपी काढून वारा घेतला. मग काका कळवळून म्हणाले, "शिवा, लेका, तुले या लोकायचं काय पडलं? तू तं आपल्यातला."

मामांनी उशी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "नाही ना, गुणवंतभाऊ. मी यायच्यातला."

मी सगळं वाचलेला माणूस. मोबाइलवर मोर्चे पाहिलेले, रंगीत झेंडे पाहिलेले, कोर्टात काय झालं ते वर्गात पोरांना सांगितलेलं. पण ते सगळं पुण्या-मुंबईचं, जीन्स घातलेल्या पोरांचं. धोतर, बंडी, पांढऱ्या मिशा, आमची ओसरी, आईच्या मिरच्या... हे कुठल्याच बातमीत नव्हतं. कडक वाक्यं मी तशीच परत घरी नेली. काका तर दुकान उघडं टाकून घरी जाऊन झोपले.

घर मामांचं स्वतःचं. त्यामुळे काढायचा प्रश्नच नव्हता. कोणी त्यांना वेडंवाकडं बोललंही नाही. आमची गल्ली तशी नाही. आमच्या गल्लीनं काय केलं ते मी पाहिलं आणि ते त्या घरातल्यापेक्षाही मला भयंकर वाटलं.

मामा दुसऱ्या दिवशी उशी घेऊन आले. आईनं मिक्सर बंद केला.

अर्ध्या वाटलेल्या मिरच्या तशाच ठेवून ती आत जाऊन बसली. मामा ओसरीवर आडवे झाले, छताकडे बघत राहिले. मग उठून पुढच्या घरी गेले. तिथं शिलाई मशीन थांबली. त्याच्या पुढं टीव्ही बंद झाला. मामा येताना दिसले की घराघरातला आवाज दिवा मालवावा तसा मालवायचा. सासू-सुनेची एक जोडी तर भर भांडणात गप्प झाली. आयुष्यात पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं.

"आई, हे काय लावलं?" मी विचारलं.

"मी कुठं हाकललं त्यायले? ओसरी मोकळीच हाय." असं म्हणून ती तांदूळ निवडत राहिली. "मले काही समजून नाही राहिलं, बापू. जरा दम खाऊ दे."

मामा रोज यायचे, रोज जायचे. डोळे लालभडक झाले. आणि एक दिवस चंदा थेट शाळेच्या फाटकात येऊन उभी राहिली. सगळा स्टाफ खिडकीत.

"मास्तर, मामा सायकलवर झोपले. नालीत पडले. कपाळाले टाके हायेत." तिनं खिडकीतल्या स्टाफकडे एकदा पाहिलं आणि आवाज चढवला. "आमाले शिव्या द्या, सवय हाय. पण बुढ्याले झोपू तं द्या! आमी म्हटलं, मामा, आमी नाही येत, तुमी घरी बाजा लावून झोपा. तं म्हणते, तुमी कुठं जासाल? असा झोपेवाचून मरून जाईन तो माणूस. अन् तुमी चांगले लोक म्हणसाल, अरेरे."

ती टाळी न वाजवता गेली.

रविवारी आमच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान चुरायला थ्रेशर आलं होतं. बाबा गेल्यापासून शेत आईच पाहते. ती डोक्याला पदर गुंडाळून पेंढ्या देत होती, मशीनचा असा खडखडाट की आकाश फाटावं. पाहतो तर पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, शिवामामा. डोक्याला पट्टी. आवाज ऐकून आले असणार आणि आईला पाहून तिथंच बसले असणार. मी जाऊन शेजारी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून ओरडलो, "झोप लागत नाही?"

मामांनी माझा खांदा धरला, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि बोलायला लागले. मी दचकलो. माणसाचं तोंड एवढं जवळ! इकडे-तिकडे पाहिलं. कोणालाही काही वाटलं नव्हतं. एवढ्या आवाजात माणसं अशीच बोलतात.

"असंच," मामा माझ्या कानात म्हणाले. "मिलमधी असंच बोलो आमी. मी अन् सुखदेव. दुसऱ्या मशीनवर होता तो. बाहेर, रस्त्यावर, दोन हात दुरून बोलो. गाव पायते ना! पण मिलमधी मशीन चालू झाली का तो माझ्या कानाले तोंड लावे, मी त्याच्या. मालक समोर उभा राहे, तरी कोणाले काही वाटत नसे. आवाजानं झाकून टाकलं होतं आमाले. जेवणाच्या सुट्टीत मशीनच्या बाजूले पोत्यावर पडो, तव्हा लागे ती झोप, बापू... तशी मंग नाही लागली."

मी कान आणखी जवळ नेला.

"मिल बंद झाली. तो बालाघाटकडे गेला, बायकोच्या गावी. लेकरं-बाळं झाली. दोन वर्स झाले, वारला. मले महिन्यानं समजलं, बाजारात. मंग घरी काही गमे ना. दार उघडं टाकलं. एक दिवस चंदा आली, म्हणे, मामा, घंटाभर पडू का? मंग बाकीचे आले."

"तो कोण होता तुमचा, मामा?" मी ओरडून विचारलं. शिकलेल्या माणसालाही कधी कधी स्पष्ट शब्दांत ऐकावंच लागतं.

मामांनी श्वास घेतला आणि थ्रेशरच्या वरताण आवाजात ओरडले. नेमकं तेव्हाच धान संपलं आणि थ्रेशरवाल्यानं मशीन बंद केली.

"माझा माणूस होता तो!"

सगळ्या बांधीभर ते शब्द गेले. पेंढ्या देणाऱ्या बाया थांबल्या. थ्रेशरवाला मिशीवरचा भुसा पुसता पुसता तसाच राहिला. मामांनी दुपट्ट्यानं तोंड झाकलं. आमच्याकडे बाया नवऱ्याला 'माझा माणूस' म्हणतात. त्या बांधीत एकीलाही त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

आई धुऱ्यावर आली. अंगभर भुसा. बाबा गेले तेव्हा गल्लीतल्या बाया पंधरा दिवस आमच्या घरी येऊन राहिल्या होत्या, तिला एकटं झोपू दिलं नव्हतं. आमच्यात तसंच करतात.

तिनं विचारलं, "मग तो गेला तव्हा तुमच्या घरी कोण येऊन राहिलं होतं, भाऊजी?"

"कोणी नाही, वहिनी," मामा दुपट्ट्याआडून म्हणाले. "कोणाले माहीतच नाही, तं कोण येईन?"

आई वळली. तणसाच्या ढिगाकडे बोट दाखवून मला म्हणाली, "जागा कर तिथं." मग थ्रेशरवाल्याला म्हणाली, "चालू कर."

"धान संपलं, बाई."

"मले दिसते. चालू कर."

"रिकामी चालवू का? डिझेल जाते ना!"

"जाऊ दे," आई म्हणाली आणि मशीनजवळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भाऊजी उठेस्तोवर बंद झाली, तं तुही खैर नाही."