डाव्या बाजूचा आरसा

"अर्ध्या तासाचं काम आहे," असं म्हणून तिलकसिरी मास्तरांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. नव्या वर्षाचा दिवस, सकाळचे सहा वाजले होते.

हे वाक्य मास्तर गेले सहा महिने म्हणत होते. केगल्ल्याच्या पोस्टात छत्तीस वर्षं काढलेला हा माणूस लोकांची पत्रं कधी एक दिवसही उशिरा पोचू द्यायचा नाही. घरातली कामं मात्र पत्ता अपुरा असल्यासारखी पडून राहायची.

काम होतं सुदीच्या आरशाचं. सुदी म्हणजे त्यांची पांढरी, गुबगुबीत, साठ सालची गाडी. तिला डाव्या अंगाला मुळात आरसाच नव्हता. पण लग्न होऊन यसावती माहेराहून निघाली, तेव्हा रस्त्याचं वळण येईपर्यंत ती मान मागे वळवून बसली होती. ते पाहून मास्तरांनी दुसऱ्याच आठवड्यात एक आरसा आणून तिच्या बाजूच्या दारावर बसवला. तेव्हापासून तो यसावतीचा आरसा. रंबुक्कनला माहेरी जायचं, आणि परत निघताना फाटकात हात हलवणाऱ्या थोरल्या बहिणीला, पोडिमेणिके अक्काला, वळणापर्यंत त्या आरशात बघत राहायचं. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. यसावतीची मान आखडली, ती काही केल्या मागे वळेना. आणि आरशाचा स्क्रू झिजला, त्यानेही मान टाकली. अक्काकडून परत येताना तिला आरशात नुसतं गटार दिसलं. पुढे एकदा लसूण सोलता सोलता म्हणाली, "अक्का चौऱ्याऐंशीची झाली हो. अजून किती वेळा फाटकात उभी राहणार आहे?"

मास्तरांना ते फार लागलं. उद्या पहाटेच अक्काकडे निघायचं होतं. आणि आज सात वाजून बारा मिनिटांनी नोनगते लागणार होतं. जुनं वर्ष गेलेलं, नवं अजून आलेलं नाही, असा तो मधला काळ. संध्याकाळी मुहूर्तावर नवी चूल पेटेपर्यंत कोणी खायचं नाही, प्यायचं नाही, आणि काम तर काडीचंही करायचं नाही.

म्हणजे हातात तास होता, आणि काम अर्ध्या तासाचं. मास्तर अगदी निवांत होते. पाचव्या मिनिटाला त्यांनी स्क्रू पिळला. सहाव्या मिनिटाला स्क्रूचं डोकं हातात आलं, सातव्या मिनिटाला आख्खा आरसा. मग घरभर शोधाशोध. शेवटी कपाटात जुन्या तिकिटांच्या डब्याखाली गमाच्या दोन ट्यूबा सापडल्या. समान मिसळायच्या, लावायच्या, आणि दोन तास केसभरही हलू द्यायचं नाही, असं दुकानदारानं बजावलेलं त्यांना पक्कं आठवत होतं. सात वाजून दहा मिनिटांनी त्यांनी गम लावला, आरसा दारावर दाबून धरला, आणि गल्लीत फटाके वाजले.

यसावती ओल्या केसांनी बाहेर आली. "अहो, हात काढा. नोनगते लागलं."

"काढला तर आरसा पडेल."

"नवं वर्ष काम करत सुरू करणार का?"

"मी काम कुठे करतोय? काम सात दहाला संपलं. आता नुसता हात तिथे आहे."

शेजारचा जिनदास कुंपणावरून सगळं ऐकत होता. नारळाचा व्यापारी माणूस, उपाय सुचवल्याशिवाय त्याला राहवत नसे. मास्तरांना तो अय्या, म्हणजे दादा म्हणायचा. "तिलके अय्या, दोरीनं बांधू का?"

"बांधणं हे काम झालं," मास्तर म्हणाले.

"विटांचा टेकू देतो."

"तेही काम."

"मग तुम्ही करताय ते काय?"

"मी धरलंय."

धरण्याबद्दल पंचांगात काय म्हटलंय ते जिनदासला ठाऊक नव्हतं. तो विहारात निघालाच होता. थोरल्या भंतेंना विचारून येतो म्हणाला आणि गेला. जाताना त्यानं ही बातमी घरोघर दिली. त्या दिवशी कुणाला काहीच काम नसतं, त्यामुळे अर्ध्या तासात मास्तरांच्या अंगणात सगळी गल्ली जमली. कुणी बाक आणला. चार बायकांनी मोठा रबान डफ मध्ये ठेवून बडवायला सुरुवात केली. कोपऱ्यावरची म्हातारी मास्तरांना निरखून म्हणाली, "वर्षाच्या पहिल्या घटकेला जे करावं ते वर्षभर करत राहावं लागतं बाबा."

"मग माझा टपाल पत्ता बदलून घ्या," मास्तर म्हणाले. "डावा आरसा, केगल्ले."

तासाभरानं जिनदास परत आला. "भंते म्हणाले, उभं राहणं हे काम नव्हे. पण धरताना मनात चिडचिड झाली, तर ते काम धरलं जाईल."

आता चिडण्याचीही सोय राहिली नाही. नेमकी तेव्हाच एक मुंगी मास्तरांच्या मिशीतून नाकावर चढली. मास्तर अतिशय शांत चेहऱ्यानं उभे राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा शांत. शेवटी यसावती उठली, गाडीला वळसा घालून आली आणि पदरानं तिनं मुंगी टिपली, नाकही खाजवलं.

"हे काम झालं ना गं," जिनदासची बायको म्हणाली.

"हे काम असेल," यसावती म्हणाली, "तर मी चाळीस वर्षं दुसरं काय केलं?"

सगळे हसले. ती मात्र तिथेच थांबली. हळूच म्हणाली, "सोडा आता. हात थरथरतोय तुमचा. नाही दिसली अक्का तर नाही दिसली."

"दिसेल," मास्तर म्हणाले. "तू जाऊन बस."

ती गाडीच्या पलीकडे व्हरांड्यात जाऊन बसली. लोकही कंटाळून पांगले. मास्तरांचा खांदा आता दगडासारखा झाला होता. करमणूक म्हणून ते आरशात बघू लागले. गाडीच्या दोन्ही खिडक्यांमधून आरपार व्हरांड्याचा एक कोपरा त्यात दिसत होता. मग हळूहळू खुर्चीचा पाय दिसू लागला, मग आख्खी खुर्ची, आणि खुर्चीत केस वाळवत बसलेली यसावती. मास्तरांना एकदम बरं वाटलं. पुढचा तास कसा गेला ते त्यांना कळलंच नाही.

गम वाळला. आरसा हत्तीनं ओढला तरी निघाला नसता. संध्याकाळी चूल पेटली, दूध उतू गेलं. घरच्या कर्त्यानं दूधभाताचा पहिला घास सगळ्यांना भरवायचा अशी रीत. पण मास्तरांचा हात कोपराच्या वर जाईना, म्हणून त्या वर्षी यसावतीनं त्यांना भरवलं.

दुसऱ्या दिवशी अक्काला विड्याची पानं देऊन दोघांनी नमस्कार केला. गुळाचे तळलेले कवुम खाल्ले, अक्कानं डबाभर बांधूनही दिले. निघताना मास्तरांनी गाडी फिरवली. अक्का काठी टेकत फाटकात येऊन उभी राहिली. सुदी चार नारळीची झाडं पुढे गेली असेल.

"दिसते ना?" मास्तरांनी अभिमानानं विचारलं.

यसावतीनं आरशात वाकून पाहिलं. मग म्हणाली, "नाही."

"मग काय दिसतंय?"

"तुम्ही."

मास्तरांनी गाडी थांबवली. आरसा ढकलून पाहिला, तो हलला नाही; काल व्हरांड्याकडे बघता बघता वळला, तो तसाच आत तोंड करून चिकटला होता. त्यांचा चेहरा इतका पडला की यसावतीलाच वाईट वाटलं. "असू दे हो. चला."

मास्तर चालले नाहीत. त्यांनी सुदी मागे मागे घेत फाटकाशी आणली.

"काय विसरलात रे?" अक्कानं विचारलं.

"विसरलो नाही अक्का. जायचं राहिलंय." मास्तरांनी गाडी फिरवली, सुदीचं तोंड थेट अक्काकडे केलं, आणि मान मागे करून उलटी गाडी हाकायला लागले. एक एक झाड, बैलगाडीच्या चालीनं. समोरच्या काचेत अक्का. तिला आधी काही कळेना. मग कळलं, आणि काठी बगलेत धरून ती हात हलवायला लागली. यसावतीनंही दोन्ही हात हलवले, रडली, हसली, आणि वळणाआड जाईपर्यंत तिनं अक्कावरची नजर काढली नाही.

वळणावर मास्तरांनी गाडी सरळ केली.

"उद्या आरसा खरवडून काढतो," मास्तर म्हणाले. "नीट बसवतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

"हात लावू नका त्याला," यसावती म्हणाली. ती आरशात बघत होती. "आणि मिशी पुसा. निघाल्यापासून कवुमाचा तुकडा लोंबतोय."